जातंय म्हणू नये

इब्रामपूरच्या एका मुलीला फसवलं गेलं. गेल्या गणेशचवथीच्या आदल्या शनिवारी, म्हापशात, भर दुपारी, दुकानं उघडी असताना. तिचं नाव छापत नाही. तिचा पासपोर्ट अजून दुसऱ्याच्या हातात आहे.

तुम्ही तिला पाहिलं असेल. पेडण्याच्या बेकरीत उंडे, म्हणजे गोल पाव, बांधून देणारी, पिठाच्याच हाताने केस मागे सारणारी; म्हणून कपाळावर कायम एक पांढरा पट्टा. आणि निघताना, कुणाचाही निरोप घेताना, "येतंय हां." गिऱ्हाइकाला, बसच्या कंडक्टरला, फोनलासुद्धा. आपल्याकडे 'जातंय' म्हणत नाहीत. जातो तो मेलेला. तिने हे जरा जास्तच पाळलं. एकदा फोर्नची राख काढून घरी निघताना ती त्या भट्टीलाही म्हणाली, "येतंय हां." मी हसलो.

"हस, हस. तिका राग इलो तर उंडे करपवता."

आम्ही तेव्हा मराठी राजभाषा व्हावी म्हणून पत्रकं वाटत तालुकाभर फिरायचो. तिला पत्रक दिलं की ती त्यात पाव गुंडाळायची. "पुढाऱ्यानू, तुमची मराठी हयसर, कोकणी पणजेक. माका जर्मन व्हया."

ही थट्टा नव्हती. तिला ऑस्ट्रियातल्या बेकरीत शिकाऊ म्हणून जायचं होतं. तिथे भट्टीवर काम करायचं, जोडीला शाळेत जायचं, शेवटी परीक्षा द्यायची, मग पक्की बेकर. पीठ मळता मळता ती जर्मन शब्द घोकायची. "काम आणि शाळा, दोनय," ती बजावायची. "शाळा नाय तर ती निसती मजुरी. मजुरी हयसर काय कमी आसा?"

मुलाखत म्हापशाच्या एका एजंटाने जुळवली. त्याच्या ऑफिसात, त्याच्याच कॉम्प्युटरवर. पासपोर्ट त्याने आधीच ठेवून घेतला होता. मी सोबत होतो. पडद्यावर ऑस्ट्रियातल्या बेकरीची मालकीण, लाल गालांची, वयस्क. हिने एकेक उत्तर नीट दिलं. शेवटी मालकीण म्हणाली, कळवते. ही उठली, हात जोडले आणि सवयीने बोलून गेली, "इश कोमं." म्हणजे येतंय. मालकीण दचकली, मग मोठ्याने हसली, आणि पडदा काळा झाला.

त्या शनिवारी एजंटाने बोलावलं. "आगाऊपणा नडला तुला. अजून घेतलं नाही तोवर येते म्हणालीस. चिडली ती. नाही म्हणाली."

चिडलेलं माणूस असं हसतं?

मी म्हटलं, "नकार दाखवा."

"तुम्ही पत्रकं छापा हो," तो म्हणाला आणि तिच्याकडे वळला. दुसरी जागा होती, ऑस्ट्रियातच. मोठं शहर, मोठं स्वयंपाकघर. सही आजच हवी.

"आणि शाळा?" तिने विचारलं.

"ती तिथे गेल्यावर बघू."

मी तिला ओढत जिन्यात आणलं. सही करू नको, म्हटलं. तिने हात सोडवून घेतला. "मगे काय करू? माज्याच तोंडान घालवलंय मी सगळा." ती परत आत गेली. तिला घाबरवायला त्या माणसाला आपल्याकडचा एक भला शब्द पुरला.

ती गेली. दर रविवारी फोन यायचा. स्वयंपाकघर म्हणजे भांडी घासायची मोरी. शाळा नाही. पासपोर्ट मुकादमाकडे, 'सांभाळायला'. बोलता बोलता ती एकाएकी आवाज चढवायची, "होय, होय, सगळा बरा आसा!" मग मला कळायचं, जवळ कुणीतरी येऊन उभं राहिलंय. पण शेवटी न चुकता, "येतंय हां." त्या शब्दावर मी पुढचा रविवार गाठायचो.

शेवटच्या फोनवर ती म्हणाली, "आईक सांग, मी जेवतंय म्हणान." पाण्याचा नळ ऐकू येत होता. मग म्हणाली, "जातंय."

त्यानंतर तो फोन लागलेला नाही. आम्ही तक्रार दिली आहे. एजंट म्हणतो, सही तिचीच आहे.

तिच्या आईने मला विचारलं, "शेवटाक काय म्हणाली?"

"येतंय म्हणाली."

आता तुम्ही. पार्से, डिचोली, कुठेही असा. घरातलं कोणी परदेशी शिकायला निघालं असेल, तर बॅग भरण्याआधी विचारा, शाळा कुठली? 'तिथे गेल्यावर' असं उत्तर आलं, तर पासपोर्ट उचला आणि घरी या. आणि तुमचं कोणी ऑस्ट्रियात असेल, तर त्याला आज फोन लावा. तिच्या कपाळावर आता पीठ नसेल. म्हणून विचारा, निरोप घेताना 'येतंय' म्हणणारी मुलगी कुठे ऐकली का?

वाचून ठेवून देऊ नका. फोन उचला.