उलटा वाहणारा ओढा

गेल्या फाल्गुनात ठाकुर्लीच्या खाडीकाठी माझी चांगलीच फजिती झाली. आज भात जेवताना ती आठवली, म्हणून लिहून टाकतोय... हसायचं तर हसा.

मी साताऱ्याकडचा. रेल्वेच्या सर्व्हेत नकाशे काढायची नोकरी लागली म्हणून कल्याणात बिऱ्हाड केलं, तेव्हा खाडी हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमचा साहेब जर्मन. तो इंग्रज नाही, हे तो दिवसातून चारदा तरी सांगायचा.

रुळांचा नवा भराव गावाच्या जुन्या बांधावरून जाणार होता. बांधात एक उघाडी होती, म्हणजे ओढ्याचं पाणी खाडीत सोडणारं लाकडी दार. ते मोडून तिथे भरावाखालून पाणी जायला पक्की मोरी बांधायची आणि तिला नवं दार बसवायचं होतं. ओढा कुठून कुठे वाहतो, एवढंच मला कागदावर दाखवायचं होतं. त्यावरून दार कुठल्या अंगाला ते ठरणार होतं.

सकाळी मी बांधाच्या बाहेर, खाडीच्या बाजूला उभा राहिलो आणि पाण्यात करंजाचं पान टाकलं. पान खाडीकडून गावाकडे निघालं... मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे नदीतून पाट काढून शेताला पाणी नेतात, तसंच हे असणार! मी शाईने ठसठशीत बाण काढला, गावाच्या अंगाला दार दाखवलं आणि कागद साहेबाच्या तंबूत ठेवून आलो.

दुपारी तहान लागली म्हणून बांधालगतच्या घरी पाणी मागितलं. घर चांगुणाबाय नावाच्या आगरी म्हातारीचं. बांधाच्या आत दोन खाचरं भाताची, तेवढाच तिचा संसार. कुठं काय बांधताय म्हणून तिने विचारलं, तर मी मोठ्या ऐटीत काडीने जमिनीवर सगळं काढून दाखवलं.

तिने दाराच्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मास्तर, दार आतल्या अंगाला? मंग भरतीचं खारं पानी दार ढकलून माज्या शेतान येल की रं!"

मी म्हटलं, "आजी, पाणी तिकडूनच येतं. मी पान टाकून पाहिलंय."

ती हसली नाही. मला हाताला धरून बांधावर नेलं आणि म्हणाली, "बस हितं."

बसलो. उन्हात डोकं तापत होतं. थोड्या वेळाने तिने पान तोडून पाण्यात टाकलं. ते जागच्या जागी फिरलं, थांबलं... आणि सरळ खाडीकडे निघालं. ओहोटी लागली होती.

सकाळी मी पाहिली ती नुसती भरती होती! चांगुणाबाय हळूच म्हणाली, "एकदा मीठ लागलं ना, तर तीन पावसालं जमीन उठं नाय. माजा घरवाला असतानी झालंता. आता माज्यानं नाय व्हायचं रं."

खरं सांगतो, तंबूकडे जाताना जीव घाबरा झाला होता. नोकरी कच्ची, घरी बायको पोटुशी. गप्प राहिलो असतो तर कोणाला काय कळणार होतं? पण ती दोन खाचरं डोळ्यांपुढून हलेनात. जाऊन सगळं सांगितलं.

साहेब ओरडला नाही. त्याने पेटीतून एक जुना कागद काढला. त्यावर त्याच्या जर्मनीतल्या गावचा ओढा होता, त्याने लहानपणी काढलेला. टेकडीतल्या झऱ्यातून निघतो, पिठाच्या गिरणीचं चाक फिरवतो, कुरणातून वळणं घेत अर्ध्या दिवसाच्या वाटेवर नदीला मिळतो. थंडीत त्यावर बर्फ धरतो. पण वाहतो आपला एकाच दिशेने...

"मी इथे आलो तेव्हा मीही हेच केलं होतं," तो त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. "तेव्हा मला एका कोळ्याने सांगितलं." मग टोपी घालून तो माझ्याबरोबर बांधावर आला आणि भरती कुठवर चढते ते चांगुणाबायला विचारून घेतलं. नवा कागद मी तिच्या ओटीवर बसून काढला. दार खाडीच्या अंगाला.

पावसात मी मुद्दाम जाऊन पाहिलं. भरती आली की दार धाडकन मिटायचं, ओहोटीला पावसाचं पाणी ते ढकलून निघून जायचं. मी वेड्यासारखा दोन भरत्या तिथे बसून होतो!

परवा चांगुणाबायने माणसाहाती नव्या तांदळाचं गाठोडं पाठवलं. आज त्याचा भात झाला. पहिला घास घेतला तोच बायको आतून म्हणाली, "अहो, आज भातात मीठ घालायचं राहिलंच हो. आणू का?"

मी म्हटलं, नको. राहू दे तसाच.