कुंपणावरचं हिरवं कापड

जाळीच्या कुंपणाला हिरवं कापड बांधलं ते मी. नवऱ्याने नाही, माळ्यानेही नाही. मी, स्वतःच्या हाताने, पक्कड घेऊन. आधीच सांगून टाकते, कारण नातेवाइकांत ही गोष्ट नेहमी ‘त्या थंडीत बाबा घसरले’ अशी सांगतात, आणि मला ती ऐकवत नाही.

नवऱ्याने सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनी धरली आणि आम्ही राजधानीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून मयूर विहारच्या नव्या सोसायटीत आलो. तळमजल्याचा फ्लॅट, मागे चिमूटभर अंगण. शेजारच्या अंगणात आणि आमच्यात भिंत नव्हती, नुसती तारेची जाळी. पलीकडे एक पंजाबी आजी सकाळपासून खाटेवर बसलेल्या असायच्या. आमच्या दोरीवर काय वाळतंय ते मला त्यांच्याकडून कळायचं.

सासूबाई गेल्यावर सासरे साताऱ्याहून आमच्याकडे आले. बाबांच्या हिंदीचा आनंदीआनंद होता. आम्ही दोघं आठच्या चार्टर्ड बसने ऑफिसला जायचो, कामवाली अकराला यायची. मधल्या वेळात बाबा अंघोळ करायचे आणि ओल्या पंचात, उघड्या अंगाने अंगणात येऊन सूर्याला अर्घ्य द्यायचे. जानेवारीतसुद्धा! धुक्यात सूर्य कुठे असेल त्या अंदाजाने. खणखणीत आवाजात स्तोत्र चालायचं. ते संपलं की पलीकडून आजी म्हणायच्या, “राम राम बाबूजी.” बाबा तांब्या उंच करायचे. दोघांचं बोलणं एवढंच, पण रोजचं.

एका रविवारी आजींच्या सुनेकडे पाहुण्या बायका उन्हात तिळगुळाची गजक खात बसल्या होत्या. बाबा पंचा सावरत बाहेर आले. कुणीतरी फिसकन हसलं. सून जाळीशी येऊन मला म्हणाली, “भाभी, बाबूजी को ठंड नहीं लगती?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना सांगायची छाती नव्हती. मग काय, राग कुंपणावर काढला.

नर्सरीवर घालतात तसलं दाट हिरवं कापड आणलं. त्याच्या आतून सरकंड्याच्या, म्हणजे बोरूसारख्या गवताच्या, चटया लावल्या आणि तारेने घट्ट आवळल्या. अंगणात हिरवट अंधार पडला. जमिनीवरची ओल सुकेनाशी झाली. आजींना वाटलं, आम्हाला त्यांचा राग आलाय. त्यांची हाक बंद झाली.

“विहिरीत उभं राहिल्यासारखं वाटतं गं,” बाबा म्हणाले.

“सवय होईल, बाबा,” मी म्हटलं. काय बाई होते मी!

आठवड्याने पाहते तर चटईला बोटभर भोक, त्यामागचं कापडही फाडलेलं. बाबांचंच काम. दाभण आणि सुतळी घेऊन बसले आणि भोक शिवून टाकलं. बाबा खुर्चीवरून बघत होते. त्या दिवसापासून मला ऑफिसात उगाचच धडधडायला लागलं. दुपारी घरी फोन करायची, काही नसायचंच. धडधड थांबायची नाही, आणि तरी ते कापड काढावं असं एकदाही मनात आलं नाही.

मग एका धुक्याच्या सकाळी बाबा शेवाळलेल्या फरशीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ओल्या पंचात, तशा थंडीत, कामवाली येईपर्यंत दोन तास ते अंगणात पडून होते. हाड डॉक्टरांनी बसवलं, पण थंडी छातीत गेली होती. नवव्या दिवशी बाबा गेले.

तेराव्याला आजी आल्या. पहिल्यांदाच आमच्या घरात. माझा हात हातात घेऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, “बेटी, उस दिन मैंने आवाज़ सुनी थी. बड़ी देर तक. मैंने सोचा, आज बाबूजी की पूजा लंबी चल रही है.”

“क्या बोल रहे थे?” मी विचारलं.

“एक ही बात बोले जा रहे थे,” आजी म्हणाल्या. आणि त्यांनी ते शब्द जसेच्या तसे म्हटले. पंजाबी वळणाने, पण एक अक्षर इकडेतिकडे न करता. “धावा हो, अहो बाई, धावा. क्या मतलब है इसका?”

त्या बाई म्हणजे आजीच. जाळीपलीकडे, चार पावलांवर, खाटेवर बसलेल्या. बाबा त्यांना बोलावत होते. हे त्यांना सांगायचं, की आयुष्यभर आपल्याजवळ ठेवायचं? मी त्यांच्या सुरकुतलेल्या हाताकडे बघत राहिले.

“भगवान को बुला रहे थे,” मी म्हटलं.

“भागोंवाले थे, किस्मतवाले,” असं म्हणून आजींनी डोळे मिटून हात जोडले. मीही जोडले.