उचलून राहिलो

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच मान्य करते. सौंसरच्या शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवले. संगणकाची भाषा शिकले ती निवृत्तीनंतर, भीत भीत. तेव्हा या धाडसाबद्दल क्षमा असावी.

पक्षाघातानंतर माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या पायाचा पंजा लोंबू लागला. मोहगावजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत कुणाचाही हात न धरता जावे, एवढीच त्यांची इच्छा. पण ढेकळाला पंजा अडकून ते दोनदा पडले. नागपूरच्या फिजिओथेरपिस्टनी एक पट्टा दिला. पाऊल उचलताना तो विजेचा सौम्य झटका देऊन पंजा वर ओढतो. मात्र झटका नेमक्या क्षणी मिळायला हवा. स्नायूंत उठणाऱ्या विजेच्या क्षीण लहरींवरून तो क्षण चालता चालताच ओळखणारा प्रोग्राम, फिजिओथेरपिस्टच्याच देखरेखीखाली, मी लिहू लागले.

मांडीला व पोटरीला सेन्सर चिकटवून भाऊ अंगणात चालत. पाऊल जमिनीवरून सुटलेले दिसले की मी कळ दाबून खूण करी. त्या खुणांवरून शिकलेला प्रोग्राम हमखास उशीर करी. झटका येईतो बोटे फरशीला घासलेली असत.

शेवटी म्हटले, “दादा, पाऊल उचलले की तुम्हीच ‘उचलले’ म्हणा.”

ते निघाले. “उचलून राहिलो... उचलून राहिलो...”

“अहो, पाऊल तर जमिनीवरच आहे!”

“अवं बाई, मी उचलूनच राहिलो ना! तुले दिसून नाही राहिलं, त मी काय करू?”

तूर निवडत बसलेल्या वहिनी म्हणाल्या, “मास्तरीणबाई, पयले त्याइले चालू द्या. व्याकरण मंग सुधरवजा.”

‘करतो आहे’ऐवजी लिहिलेले हे ‘करून राहिलो’ मी किती वह्यांतून खोडले असेल! त्या सायंकाळी मात्र त्यांच्या आवाजाची नोंद सेन्सरच्या आलेखाशेजारी ठेवली आणि ओशाळले. त्यांचा शब्द सुरू होई तिथेच मांडीचा स्नायू जागा होत होता. मी घडून गेलेल्या क्रियेला खूण करीत होते; ते घडत असलेली सांगत होते.

सगळ्या खुणा त्यांच्या शब्दाप्रमाणे बदलल्या आणि प्रोग्रामला त्यांवरून पुन्हा शिकवले. आता अंगणातल्या फेऱ्यांत बोटे घासत नाहीत. बागेतल्या उंचसखल मातीत प्रोग्राम कसा वागेल, हे मला ठाऊक नाही. उद्या आम्ही तिथे जाणार आहोत, आणि बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचताच मी त्यांचा हात सोडावा, असे दादांनी बजावले आहे.

माझ्या जागी तुम्ही असता, तर सोडला असता का?