नाकानं शिकवलेली बर्बन

“तोंडात गेली म्हणजे पेलीच समजा,” देवाजीभाऊ म्हणाले. “थुकली का गिळली, कोण पाहून राहिला?”

मी सुजातासमोर चाखायला ठेवलेले बर्बनचे तीन ग्लास गुपचूप मागे ओढले. नवेगावच्या जंगलालगतच्या एका लॉजमध्ये माझा वर्ग चालला होता. सगळी नोकरी गोव्याच्या हॉटेलांतल्या बारमध्ये काढून मी गोंदियाला परतलो होतो. परदेशी पाहुणे बर्बन मागतात, स्टाफला शिकवा, म्हणून लॉजच्या मालकानं बोलावलं. बार काउंटरची कायम नोकरी सुजाताला मिळणार होती. ती अर्जुनी मोरगावकडची. घर बौद्ध, पंचशील पाळणारं, दारूला शिवायचं नाही. म्हणून तिचे वडील देवाजीभाऊ स्वतः येऊन वर्गात खुर्ची टाकून बसले होते.

मालक वैतागला. “सर, टेस्टही नहीं करेगी तो गेस्ट को क्या बताएगी? मी नागपूरहून माणूस आणतो.”

“दोन दिवस थांबा,” मी म्हटलं. “नाकानं शिकवतो.”

यात जादू काही नाही. सर्दी झाली की भाजी बेचव लागते, कारण चवीचं बरंचसं काम नाकच करतं. मी सुजाताला म्हटलं, ग्लासात नाक खुपसू नको. हनुवटीजवळ धर, तोंड किंचित उघडं ठेव, हळू श्वास घे. मग थोडं पाणी घाल. पाण्यानं दारूचा झणका कमी होतो आणि मागचे वास पुढे येतात.

बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की. तिच्यात निम्म्याहून जास्त मका लागतो. ती मुरते ती ओक लाकडाच्या कोऱ्या, आतून जाळलेल्या पिंपात. उरलेल्या धान्यावर तिची जात ठरते. राय नावाचं धान्य जास्त असेल तर ती तिखट, मसालेदार. रायऐवजी गहू असेल तर मऊ.

हे मला शिकवणारे साहेब गोव्याचे होते. ते म्हणायचे, “कॅरामल शोध, टोस्टेड ओक शोध.” मी गोंदियाचा. कॅरामल कशाशी खातात मला ठाऊक नव्हतं. आठवडाभर मी नुसता मान डोलवायचो. मग एका दुपारी ग्लासातून आईच्या तिळाच्या लाडवांचा वास आला, पाक थोडा जास्त झाल्यावर यायचा तसा. त्यामागोमाग उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या मिलची गरम वाफ. शाळेतून येताना आम्ही त्या वाफेत मुद्दाम उभे राहायचो. त्या दिवशी बारमध्ये मला घराची इतकी आठवण आली की साहेबांनी विचारलं, जास्त झाली का?

तेच वास मी सुजाताला दिले. मक्याला भाजलेलं कणीस. पिंपाला गुळाचा पाक. रायला लवंग-मिरी. गव्हाला तव्यावरची पोळी. ती डोळे मिटून हुंगायची. देवाजीभाऊ मात्र मी बाटली उघडली की खुर्ची दाराकडे सरकवायचे. दुसऱ्या दिवशी तर ते व्हरांड्यातच पोहोचले. हट्टी माणूस, मी मनात म्हटलं.

संध्याकाळी मालकानं तीन बर्बन पुढे ठेवून परीक्षा घेतली. सुजाताची एक चुकली, दोन बरोबर आल्या. “ही नरम आहे, गव्हाची. ह्या ग्लासात मिरं जास्त आहे,” ती म्हणाली. मालक म्हणाला, “चलेगा.”

“नोकरी नाही पाहिजे,” देवाजीभाऊ बाहेरून म्हणाले.

सुजाता उठली. ग्लास धुवायला घेऊन गेली. माझं मात्र डोकं फिरलं. मी व्हरांड्यात गेलो. “आता कायले नाही म्हणता? थेंब लागला नाही तिच्या ओठाले.”

ते पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून.

“साहेब, मी लई पेत होतो. हे पोरगी चालाले लागली तवा सोडली. अजूनही वास आला की पाय गुत्त्याकडे वळते. ती रोज कपड्याले वास घेऊन घरी येईन. मी काऊन दूर सरकून राहिलो होतो, तुमाले का वाटलं?”

मी वळलो. सुजाता मागे उभी होती, हात ओले. तिनं सगळं ऐकलं होतं.

“मले वाटलं, तुमी माह्यावर भरोसा नाही करून राहिले, बाबा.”

“तुह्यावर आहे,” देवाजीभाऊ म्हणाले. “माह्यावर नाही.”

ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली. मी आत गेलो. तिथं माझं काम नव्हतं.

मालकाला मी दोनच गोष्टी मागितल्या. तिचा युनिफॉर्म लॉजच्याच लाँड्रीत धुवायचा आणि ड्युटी संपल्यावर स्टाफच्या बाथरूममध्ये तिला आंघोळीची सोय. मालक म्हणाला, “बस इतनाही?”

तेवढ्यावर देवाजीभाऊ कबूल झाले, आणि आज सुजाता काउंटरवर आहे. बर्बन तिनं अजून चाखलेली नाही आणि पाहुण्यांनी कधी विचारलंही नाही. मी अजून कुठे कुठे शिकवायला जातो. ग्लास कसा धरायचा, पाणी किती घालायचं, हे सगळं गोव्याच्या साहेबांचंच सांगतो. शेवटी माझं एक वाक्य जोडतो: काम झालं की आंघोळ करा, कपडे बदला, मग घरी जा. पोरं हसतात. मी कारण सांगत नाही.