शेवटाला पहिलं पाणी

बोटीवर पाळीपत्रक लावणारा मी पहिलाच प्रवासी, असं बोटीवर काम करणाऱ्या एका मुलीनं मला सांगितलं. ते कौतुक नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

पाळीपत्रक म्हणजे कुणाच्या रानात किती वाजता पाणी सुटणार, याचा तक्ता. लासुर्ण्यात आमच्या पाणीवाटप संस्थेचा मी अठरा वर्षं सचिव आहे. कालव्याला पाणी आलं की मी तक्ता करतो, फलकावर चिकटवतो आणि मोटारसायकलवर फिरून माणसं उठवतो. परिणामी मला आता घड्याळ बघितल्याशिवाय शिंकसुद्धा येत नाही.

यंदा आमच्या मुलीनं, प्राजक्तानं, आम्हा दोघांना सहलीला पाठवायचं ठरवलं. मी लगेच एक काश्मीरची सहल निवडली. तिच्या पत्रकात छापलं होतं: पाचला चहा, साडेपाचला बॅगा गाडीत, सहाला प्रस्थान. नुसतं वाचूनच बरं वाटलं.

"मी येत न्हाय," मंगल म्हणाली. (मंगल म्हणजे आमच्या सौभाग्यवती. त्या वेळी भाकरी थापत होती.) "पाचला उठायला काश्मीर कशाला पायजे? हितं रोजच उठते की."

"मग तुला पायजे तरी काय?"

"जितं मला कोण ऊठ म्हणणार न्हाय, तितं न्या."

प्राजक्तानं मोबाईलवर बोट दाखवली. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. "तात्या, हितं कशालाच वेळेचं बंधन न्हाय. कधीबी उठा, कधीबी जेवा. जादूचे प्रयोग, गाणी, नाच, सगळं दिवसभर चालू असतंय. वाटलं तर बघा, न्हायतर झोपा."

"वेळ ठरल्याली न्हाय म्हंजे येवस्था न्हाय," मी म्हणालो.

मंगलनं तवा उतरवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. "एकतीस वर्सं झाली लग्नाला. तुमच्याशेजारी बिनकामाची तासभर बसल्याली न्हाय मी. एकदा बसायचंय. समुद्रावर, सूर्य बुडताना. बाकी मला काय नको."

बोट ठरली. बारामतीला जाऊन मी गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची चड्डी आणि शंभर पानी रजिस्टर घेतलं.

बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारा तालुका होता. पोचल्या पोचल्या मी कार्यक्रमांची सगळी यादी उतरून घेतली आणि खोलीच्या दाराला पाळीपत्रक चिकटवलं. नाष्टा सात ते सात वीस. जादू आठ. नाचाचा वर्ग नऊ पाच. पाच मिनिटं चालायला धरली होती. सूर्यास्तही लिहिला होता: सहा चाळीस ते सहा पन्नास, सौ. सोबत.

"धा मिनिटं?" मंगल म्हणाली.

"पावनेसातला गाण्याचा कार्यक्रम हाय. ओढूनताणून पाच मिनिटं वाढवून दिल्यात."

पहिल्या संध्याकाळी जादूगारानं मलाच मंचावर बोलावलं आणि पेटीत घातलं. बाहेर काढलं तेव्हा सात वाजले होते. मंगल वरच्या डेकवर दोन खुर्च्या धरून बसली होती, एकीवर ती आणि दुसरीवर माझी टोपी. तिला तशी बघून मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र मी सहालाच डेककडं निघालो. वाटेत गरम पाण्याचा टब लागला. टबात सहा माणसं मावतात, आणि दुपारी जेवल्यापासून एकाच घरातली सहा जणं त्यात बसून होती. त्यांच्यातले थोरले तर पाण्यातच भजी खात होते. बाहेर टॉवेल गुंडाळून तीसेक माणसं उभी.

"दुपारपासून तिसऱ्यांदा येतोय मी," लातूरचे एक निवृत्त मास्तर मला म्हणाले.

माझं डोकं फिरलं. वरच्या अंगाचे पाण्यावर बसलेत आणि खालचे कोरडे! हेच भांडण मी अठरा वर्षं सोडवत आलोय. मंगलचा सूर्य बुडायला अजून चाळीस मिनिटं होती, आणि रजिस्टर काखेतच होतं.

भजीवाल्या कुटुंबाला मी पाण्याबाहेर काढलं. (फुलाफुलांच्या चड्डीतल्या माणसाचं कुणी ऐकत नाही, पण हातात रजिस्टर असलं की ऐकतात.) मग जाहीर केलं, "प्रत्येकी पंधरा मिंटं. आन् पाणी आधी शेवटाला. रांगंतले शेवटचे सहा पहिले जातील."

आमच्याकडं तसाच नियम आहे. कालव्याच्या तोंडापाशी आधी पाणी दिलं तर शेवटच्या रानापर्यंत थेंब पोचत नाही, म्हणून शेवटापासून सुरुवात. पण शेवटचं रान जागचं हलत नाही. माणसाला पाय असतात, हे अठरा वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रांगेतला पहिला माणूस हळूच मागं जाऊन उभा राहिला. त्याला बघून दुसरा गेला, मग चार जण पळाले. "तुम्ही व्हा पुढं," "छे छे, आधी तुम्ही," असं करत प्रत्येक जण शेवटचा होऊ लागला. रांग मागं मागं सरकत जिन्यावरून खाली गेली, जेवणाच्या दालनातून गेली आणि थेट नाट्यगृहात शिरली. कसलीशी रांग आहे म्हणून जेवणारीही ताटं घेऊन मागं उभी राहिली. मंचावर जादूगार होता. टॉवेल गुंडाळलेली आणि ताटं धरलेली साठ माणसं बघून त्यानं आपणच ती प्रकट केली असं दाखवत मान लवून नमस्कार केला.

वर टब रिकामा होता. भजीवाल्यांनी शांतपणे पुन्हा पाय सोडले.

"सर, हे रजिस्टर माझ्याकडं द्या," ती बोटीवरची मुलगी धापा टाकत म्हणाली. मी दिलं आणि डेककडं धावलो. समुद्र काळा झाला होता. खुर्चीत मंगल होती, शेजारी टोपी होती. तिचे डोळे भरलेले बघितले आणि मला माझी लाज वाटली.

"उद्या नक्की," मी म्हणालो.

"तुमच्या तक्त्यात बसलं तर," ती म्हणाली.

तिसरी संध्याकाळ शेवटची होती. मी साडेपाचलाच निघालो, अगदी सरळ. पण टबापाशी मास्तरांनी गाठलं. "तात्या, नियम उलटा करा, पण तुम्हीच बसवा. तुमच्याशिवाय यांना शिस्त नाही." असं कुणी म्हटलं की माझा अगदी लोण्याचा गोळा होतो. रजिस्टर नव्हतं, म्हणून कागदी रुमालावर नावं लिहायला लागलो. किती वेळ गेला, देव जाणे.

"तात्या," मास्तर कानाशी लागले, "रांगेत शेवटाला एक बाई लुगड्यात उभ्या आहेत. टॉवेल नाही."

मी मान वर केली. मंगल होती.

"तू टबात बसणार व्हय?"

"टबात न्हाय. शेवटाला उभी हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "पाणी आधी शेवटाला, आसंच हाय ना तुमचं? तीन दिस झालं, मीच शेवटाला हाय. चला."

तीस माणसं माझ्याकडं बघत होती. मी कागदी रुमाल मास्तरांच्या हातात दिला. पेन मंगलनंच काढून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.

आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिनं माझा हात धरला. एकतीस वर्षांत इतकं बरं क्वचितच वाटलं असेल. सूर्य टेकला, लाल झाला आणि सावकाश पाण्यात गेला.

माझ्या तक्त्यापेक्षा तो चार मिनिटं उशिरा बुडाला. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवणार होतो, पण पेन पर्समध्ये होतं आणि पर्स मंगलच्या मांडीखाली.