बिनबारशाची

ओव्याच्या धुरीचा वास आला की देवासची ती खोली आठवते. आम्ही तिघे दरबारचे कारकून, तिघेही सडेफटिंग. शेजारच्या कारकुनाची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा आठ दिवसांची लेक आमच्या ओटीत घालून तो म्हणाला, "धारहून आईला घेऊन येतो." आम्ही धोतराची झोळी बांधली, धुरी द्यायला शिकलो, कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजलं. अंगाई कुणालाच येईना, म्हणून आरत्या म्हटल्या. पोर त्यावरच झोपायची. बाराव्या दिवशी आमच्यातला एक डोक्यावरून शाल घेऊन म्हणाला, "अरे भिया, मी होतो आत्या! सांगू कानात नाव?" आम्ही पोट धरून हसलो. पण मीच अडवलं, "थट्टा पुरे. बाप येऊ दे, तो मान त्याचा." चार दिवसांनी टांग्यातून त्याची म्हातारी आई एकटीच उतरली. धारला पोचताच तो प्लेगने गेला होता. तिने नातीला छातीशी धरलं आणि विचारलं, "नाव काय रे ठेवलंत?" मी झोळी सोडली आणि ते धोतर घडी करून तिच्या हाती दिलं. टांगा पोरीला घेऊन निघून गेला. आता मीही आजोबा झालोय. पण कुणाकडे धुरी पेटली की ती पोर मागे रडते, मी वळतो, हाक मारायला तोंड उघडतो आणि तसाच उभा राहतो.