सासू-सून आणि दवबिंदू

वर्गात कुणी "दव पडलं" म्हटलं की मी अजूनही चिडते. पाऊस पडतो, गारा पडतात, पोरं सायकलीवरून पडतात. दव पडत नाही. ते जिथं दिसतं तिथंच तयार होतं, मग ते पान असो, तार असो की मोटारसायकलची सीट. माझ्या वर्गातल्या पोरांना हे पाठ झालंय, त्यामुळं हिवाळ्यात एखादं हटकून उभं राहतं आणि साळसूदपणे म्हणतं, "बाई, आज लई दव पडलं." मला पेटवायला. मी पेटते, खडू उचलते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते. सांगणारच. माझ्या मायचा प्लॉट या एका गोष्टीवर राहणार होता किंवा जाणार होता.

केदारखेड्याच्या पुढं आमचं गाव. मी गावातल्याच शाळेत भूगोल शिकवते. सासरही गावातच, माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडं, म्हणजे रुसून माहेरी जायचीसुद्धा सोय नाही. आमच्या घराचा मूळचा धंदा मेंढरांचा. माझे वडील, आबा, अजून थोडी मेंढरं राखतात, बाकी शेती. माय मात्र जन्मभर दुसऱ्यांच्या बीज प्लॉटवर मजुरीनं गेली. आमच्या भागात कपाशीचं संकरित बियाणं तयार होतं, आणि ते बायकांच्या बोटांनी तयार होतं. दुपारनंतर मादी ओळीतली, उद्या उमलणारी कळी सोलायची, आतले पुंकेसर नखानं काढून टाकायचे आणि खूण म्हणून लाल दोरा अडकवायचा. मधला कोवळा तुरा रात्रभर उघडाच राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल तोडून त्या तुऱ्यावर फिरवायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. पराग लागला तर बोंड धरतं, नाही लागला तर कळी गळून जाते.

या कामात मायचा हात अख्ख्या शिवारात नावाजलेला. तरी प्लॉट कायम दुसऱ्याचा. मग एका वर्षी तिनं आबांच्या मागं लागून जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीकडून स्वतःचा प्लॉट घेतला. आमच्या भावकीत त्याआधी कुणी घेतला नव्हता. "मेंढरं वळणारे कधीपासून बी करायला लागले?" असं पारावर कुणीतरी बोललं आणि ते तिच्या कानावर आलं. त्या दिवशी भाकरी फार जोरात थापल्या गेल्या.

आणि नेमकं पहिल्याच वर्षी बोंडं धरेनात. पाऊस ओसरला, आभाळ निवळलं आणि रोज सकाळी प्लॉट दवानं निथळायला लागला. कपाशीच्या परागाला पाणी चालत नाही. थेंब लागला की तो फुटतो आणि आदल्या दिवशीची सगळी मेहनत मातीत जाते. हे मायला कुणी सांगायची गरज नव्हती. पण दव घालवायचं कसं, यावर तिनं आमच्या घराण्याला शोभेल असाच उपाय काढला. दवाचं गवत मेंढरांना बाधतं, पोट फुगतं. म्हणून कोकरांपुरता एखादा तुकडा लवकर चारायचा असला तर आमच्याकडं दोघं जण घोंगडीची दोन टोकं धरतात आणि ती गवतावरून ओढत नेतात. लोकर पाणी शोषून घेते. मायनं तेच कपाशीवर केलं. एका सरीत माय, दुसऱ्या सरीत माझ्या सासूबाई आणि मधून ओढत चाललेली घोंगडी.

मी बघायला गेले तेव्हा हसावं की रडावं कळेना. वरच्या पानांचं पाणी खालच्या तुऱ्यांवर सांडत होतं, कोवळे तुरे मोडत होते, आणि घोंगडी पुढं गेली की मागची पानं थोड्या वेळात पुन्हा ओलसर होत होती. माय कमरेवर हात ठेवून आभाळाकडं बघत म्हणाली, "अजून पडूनच राह्यलं का मेलं? वर तर काईच दिसत न्हाई."

"माय, ते वरून पडतच न्हाई!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या रानातल्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. मग बांधावर बसून मी कामावरच्या सगळ्या बायकांना सांगितलं. हवेत पाणी कायम असतं, वाफेच्या रूपात, न दिसणारं. ती आर्द्रता. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. मावू शकते तिच्या मानानं आत्ता किती भरलीय, ती सापेक्ष आर्द्रता. बातम्यांत टक्के सांगतात ते हेच. रात्री पानं आपली ऊब आभाळाकडं सोडून गार होतात, आणि त्यांना लागून असलेली हवाही गार होते. गार होता होता एक वेळ अशी येते की आहे तेवढी वाफसुद्धा तिच्यात मावेनाशी होते. ज्या तापमानाला हे होतं, तो दवबिंदू. पान त्याच्याही खाली गेलं की जास्तीची वाफ पाणी होऊन पानावर बसते.

माय घोंगडी पिळत ऐकत होती. "म्हंजे पान गार हाय तवर पुसून उपेग न्हाई," ती म्हणाली. "पण हवा भरली का रिकामी झाली, ते आपल्याला कसं कळावं?"

विद्यार्थ्यानं असा प्रश्न विचारला की मास्तरणीचं रक्त सळसळतं. मी भोकरदनहून दोन सारखे साधे तापमापक आणले. एक तसाच ठेवला. दुसऱ्याच्या फुग्याला मायनं आपल्याच कपाशीची वात वळून गुंडाळली आणि वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. बांधावरच्या लिंबाच्या सावलीत, कपाशीच्या उंचीवर दोन्ही शेजारी शेजारी टांगले. एक कोरडा, एक ओला. यामागचं गणित प्रत्येक घरात ठाऊक असतं. उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गारेगार होतं, कारण हवा कोरडी असते आणि फडक्यातलं पाणी भराभर उडतं. उडताना ते माठाची ऊब घेऊन जातं. पावसाळ्यात तेच फडकं नुसतं ओलं राहतं आणि वास मारतं. तापमापकाचंही तेच. हवा कोरडी असेल तेव्हा ओला तापमापक कोरड्यापेक्षा बराच खाली उतरतो. हवा भरलेली असेल तेव्हा दोघांचा आकडा एक.

याचं बारसं सासूबाईंनी केलं. कायम तापलेली ती सासू, आणि तिच्यापेक्षा गार ती सून. "आमच्या घरचंच हाय हे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सगळ्या बायका खिदळल्या. दोघींचा आकडा एक म्हणजे दोघींचं पटलंय, हवा भरलीय, काम बंद. आकड्यांत फरक पडायला लागला म्हणजे भांडण लागलं, दव उडतंय, उठा. सासू-सुनेचं वाजल्याशिवाय कामाला हात न लावणारी टोळी अख्ख्या जिल्ह्यात आमचीच असेल. शेजारच्या खाला, ज्यांच्या घरी उर्दू बोलतात आणि ज्यांचा हात मायच्या खालोखाल, त्या सरीच्या टोकावरून विचारायच्या, "लगा क्या झगडा दोनों का?"

त्यामुळं दुसरीही एक गोष्ट सुधारली. आधी बायका अंधारात उठून यायच्या आणि दव सुकायची वाट बघत बांधावर कुडकुडत बसायच्या, घरी लेकरं उपाशी. मी त्यांना संध्याकाळीच आभाळ वाचायला लावलं. ढग असले तर ते जमिनीची ऊब धरून ठेवतात, गोधडीसारखे. पानं फार गार होत नाहीत, दव नाही, लवकर या. वारा असला तर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते, तेव्हाही दव कमी. आभाळ मोकळं आणि वारा गप्प, म्हणजे दव घट्ट. त्यात आमचा प्लॉट ओढ्याकाठी खोलगट. गार हवा जड असते, ती उतारानं वाहत येऊन तिथं साचते. म्हणून मोबाईलवर जिल्ह्याचं काहीही दाखवो, आमच्या प्लॉटचा अंदाज आमचाच. दिवेलागणीला सासूबाई ओट्यावर येऊन वर बघायच्या आणि हवामान खात्याच्या थाटात निकाल द्यायच्या.

पण तोवर बरंच नुकसान झालं होतं. कंपनीचा साहेब प्लॉटमधून फिरून गेला आणि जाताना स्वच्छ सांगून गेला, "बोंडं धरत नाहीत. पुढच्या फेरीला कामात फरक दिसला नाही तर मला हा प्लॉट बंद करावा लागेल." माणूस वाईट नव्हता. त्यालाही वर कुणाला तरी तोंड द्यायचं होतं. मायनं त्या संध्याकाळी जेवण केलं नाही.

त्याची पुढची फेरी रविवारी ठरली. शनिवारी संध्याकाळी आभाळ लख्ख, झाडाचं पान हलत नव्हतं. मी मायला म्हणाले, "उद्या दव घट्ट. दोघींचं भांडण उशिरा लागंल, अन् ऊन तर त्याच वेळेला तापंल. मधी येळ लई थोडा." ऊन तापलं की तुरा सुकतो, मग पराग लावून काही होत नाही. दव आणि ऊन यांच्यामध्ये जी फट मिळते, तेवढाच आमचा दिवस. माय चपला घालून निघाली. आधी खालांकडं गेली, मग गल्लीतल्या प्रत्येक दारात. सगळ्यांना एकच सांगितलं, सकाळी जल्दी करू नका, पण याल तेव्हा हातचं काम टाकून या. मला नीट झोप लागली नाही. माझा अंदाज चुकला आणि दव धरलंच नाही, तर एवढ्या बायका उशिरा येणार होत्या आणि वेळ वाया जाणार होता, तोही साहेबासमोर.

अंदाज चुकला नाही. सकाळी प्लॉट पांढरा दिसत होता. साहेब आला तेव्हा अख्खी टोळी बांधावर चहा पीत बसलेली, आणि खालांनी आणलेल्या बायका धरून इतकी की बांध पुरत नव्हता. त्याचा चेहरा उतरला. तो आबांना म्हणाला, "हे काय? बाया बसून आहेत आणि ऊन चढायला लागलंय." आबांनी मेंढरांकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "मला तेवढंच कळतं. तिला इचारा."

माय उभी राहिली. पदर खोचलेला, आवाज शांत. "साहेब, तुमी म्हणता ते बराबर हाय. ऊन तापलं तर आमचंच नुकसान. पण आत्ता लावलं तर पराग फुटतो. हवा अजून भरलेली हाय. ती बघा तिथं दोघी." साहेब लिंबाखाली गेला, वाकून दोन्ही आकडे बघितले, वातीला बोट लावून बघितलं. "हे कुणी लावलं?" त्यानं विचारलं. "आमी," माय म्हणाली. त्या 'आमी'मध्ये मी होते, ते मला पुरेसं होतं.

तो घड्याळ बघत येरझारा घालत होता, आणि खरं सांगायचं तर मीही पाऱ्यावरून नजर हलवत नव्हते. सूर्य वर चाललेला आणि दोघींचं जुळलेलं सुटता सुटेना. मग ओल्या तापमापकाचा पारा मागं राहिला. जरासाच, मग आणखी. सासूबाई ओरडल्या, "लागलं! लागलं!" आणि बांधावरून बायकांची लाट उतरली. प्रत्येक सरीत एक, कुठं दोन. खाला आपल्या बायकांना उर्दूत आणि आमच्यांना मराठीत रागवत होत्या. बोलणं बंद झालं, नुसती फुलं तोडल्याचा आवाज. ऊन पाठीला चटका द्यायला लागलं तेव्हा शेवटच्या सरीतून माय ताठ उभी राहिली आणि तिनं पाठ मोकळी केली. पराग लागल्याशिवाय एकही दोरा राहिला नव्हता. साहेब एवढंच म्हणाला, "बघू, बोंडं काय सांगतात."

बोंडांनी सांगितलं. काही दिवसांनी साहेब पुन्हा आला, लाल दोरे हातानं चाचपत सगळ्या सऱ्यांतून फिरला. सुरवातीची, झाडांच्या खालच्या फांद्यांवरची बोंडं विरळ होती, ते नुकसान काही भरून निघणार नव्हतं. पण त्याच्या वर, जिथपासून आम्ही त्या दोघींचं ऐकायला लागलो होतो, तिथून झाडं लगडलेली. आम्ही सगळे बांधावर उभे. साहेब बाहेर आला, बुटाची माती झटकली आणि पहिल्यांदाच थेट मायकडं बघून म्हणाला, "प्लॉट राहील. आणि पुढच्या वर्षी दुप्पट घ्या. वरचं रानही धरा, मी लिहून पाठवतो."

आबांचे डोळे चमकले. माझ्याही डोळ्यांसमोर पारावरची तोंडं आली. दुप्पट! मी मायला कोपरानं ढोसलंसुद्धा.

माय म्हणाली, "न्हाई साहेब. दव सुकल्यापासून ऊन तापस्तोर ह्या बायांच्या हातानं जेवढी फुलं होतात, तेवढाच माझा प्लॉट. त्याच्यावर एक सरी न्हाई."

"विचार करा, घाई नाही," साहेब म्हणाला.

"इचार करूनच सांगून राह्यले."

त्यानं मान डोलावली. एक प्लॉट हातचा जाऊ नये म्हणून आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि ही बाई समोरून आलेल्या प्लॉटला माप घालत होती. मी तिच्याकडं बघत होते आणि अभिमानानं माझा ऊर भरून आला होता. वर्गात मी जे वर्षानुवर्षं शिकवते, त्यावर एक माणूस आपलं घर उभं करतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. प्लॉट आजही तेवढाच आहे, आणि तिचाच आहे.